सव्वा मूठ गहू

करंगळी बधिर झाली तेव्हा मला आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण हा आजार झालेली माणसं भेटली की विचारतात, "तुम्हाला कळलं कसं नाही?" कळलं होतं. फक्त उलटं कळलं होतं.

मी ढोलकी वाजवतो. आजही वाजवतो. नव्वदनंतरच्या त्या दिवसांत मी सुरतेच्या उधन्यात पॉवरलूमवर बारा तासांची पाळी करायचो आणि सुटीच्या दिवशी आमच्या खान्देशी मंडळींच्या गाण्याला साथ करायचो. लोक म्हणायचे, लूमच्या खटखटीतून याला ताल सापडला. खोटं आहे. ताल मला पारोळ्याकडच्या आमच्या गावातल्या धोंडू बुवांनी दिला, टपल्या मारून मारून. ढोलकीवाल्याची बोटं पहिली काही वर्षं सुजतात, भेगाळतात, मग घट्ट होतात. बोट दुखायचं थांबलं की हात तयार झाला, अशी आमच्यात समजूत. बुवा सुरतेला भाच्याकडे आले होते तेव्हा मी त्यांना उजवी करंगळी आणि शेजारचं बोट दाखवलं. टाचणी टोचली तरी कळत नव्हतं. बुवांनी दोन्ही बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, "आते तुन्हा हात पिकना, मधू."

त्या दिवशी मी इतका फुगलो होतो की रात्री जेवलो नाही म्हटलं तरी चालेल.

एका माणसाला मात्र शंका आली. माझं लग्न होऊन अकरा महिने झाले होते. निर्मला अमळनेरकडची, गाणारी. आवाज जाड, पण सुराला पक्की. एकदा ती भाकरी थापता थापता गुणगुणत होती, मी पत्र्याच्या डब्यावर ठेका धरला होता, तर ती मध्येच थांबली.

"चार-पाच रोज व्हयनात, तुमना एक बोल येत नही."

"कोणता?"

"नाव काय माहीत. पण त्याची जागा मोकळी ऱ्हास."

मी तिच्यावर उखडलो. बुवांनी पिकला म्हटलेला हात आणि ही चुलीपुढे बसून माझा बोल मोजणार. ती गप्प झाली, पण पुढच्या वेळी गाताना त्या जागेवर तिने किंचित थांबून पाहिलं. मी तेही मनावर घेतलं नाही.

मग डफ शेकण्याचा प्रसंग घडला. सुरतेची हवा दमट, कातडं सैल पडतं, म्हणून कार्यक्रमाआधी कागद पेटवून डफ शेकावा लागतो. ते काम मीच करायचो. घरी आलो तर जेवायला वाढताना निर्मलाने माझा हात धरला. करंगळीच्या खाली सुपारीएवढा फोड आला होता. भाजलं केव्हा, मला पत्ताच नव्हता. तेव्हा पहिल्यांदा मी घाबरलो. पिकलेल्या हातालाही विस्तव तर कळायला हवा.

पीस

आमच्या चाळीत दवाखान्याकडून तपासणीला एक बाई यायच्या, रंजनबेन. सुती साडी, खांद्याला पिशवी, आवाज चढा. फोडाचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं. (वहिनीने, हे नंतर कळलं. थोरला भाऊ, वहिनी, त्यांची पोरं आणि आम्ही दोघं एकाच खोलीत राहायचो.) त्यांनी मला सदरा काढायला लावला. पाठीवर एक फिकट चट्टा होता, तो मी गजकर्ण समजून मलम चोळत होतो.

पिशवीतून त्यांनी कोंबडीचं पीस काढलं. म्हणाल्या, "आंख बंध करो. ज्यां अडे त्यां आंगळी मूको." जिथे लागेल तिथे बोट ठेवायचं. खेळच वाटला. खांद्यावर लागलं, बोट ठेवलं. मानेवर लागलं, ठेवलं. मग बराच वेळ काहीच नाही. मी डोळे मिटूनच म्हणालो, "लावा ना बेन, थांबलात कशाला?"

समोर दादा बसला होता, तोच थोरला भाऊ; निर्मला नळावर गेली होती. त्याचा आवाज आला, "मधू, पाच डाव लावं त्यासनी." पाच वेळा पीस लावून झालं होतं.

मी डोळे उघडले. दादा माझ्याकडे बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी कोपराच्या आतली शीर चाचपली. झिणझिण्या थेट डोक्यात गेल्या. त्यांनी आजाराचं नाव सरळ घेतलं, कुष्ठरोग. औषध फुकट मिळेल, दोन वर्षं घ्यावं लागेल, पूर्ण बरा होशील. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण होत नाही, बायकोसोबत राहायला हरकत नाही, पण तिला एकदा तपासायला आण. एवढं सगळं चांगलं ते बोलत होते आणि मला त्यातलं काही लागत नव्हतं, त्या पिसासारखंच. मी एकच विचारलं, "वाजवता येईल?"

"शीर किती दिवस सुजलीय त्यावर आहे. वॉर्डात राहावं लागेल. मग बघू."

घरी जाताना दादा म्हणाला, "कारखान्यात कावीळ सांगू." मी मान हलवली. तुमच्यापैकी कुणी आज त्याच रस्त्यावरून घरी चालला असाल, तर एवढंच सांगतो, पहिलं खोटं फार सोपं जातं.

मुराळी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. निर्मलाचा भाऊ शांताराम दोनच दिवसांनी दारात हजर झाला. पहिल्या आखाजीची हौस, निर्मलाची पिशवी आठवडाभर आधीच भरून ठेवलेली.

तिला सांगायला माझ्याकडे अजून एक अख्खी संध्याकाळ होती. ती वेणीला नवा आकडा लावून बघत होती. मी म्हणालो, "दवाखान्यात जाऊन आलो."

"मंग? काय सांगं?"

"उष्णता आहे. गोळ्या दिल्या."

तिने माझा भाजलेला हात उलटा करून पाहिला, फुंकर घातली. सकाळी ती शांतारामबरोबर निघाली. स्टेशनला जाणाऱ्या रिक्षात बसेपर्यंत तिने तीनदा मागे वळून बघितलं. मी हात हलवला. डावा हलवला.

तिला तपासायला आणायला सांगितलं होतं. मी तिला लावून दिलं. माझ्या सगळ्या आजारपणात लाज वाटावी अशी गोष्ट हीच, चट्टा नव्हे.

त्याच दुपारी वहिनीने माझं ताट-वाटी वेगळ्या फळीवर ठेवली. "राग मानू नका भाऊ. पोरं बारकी शेतस." मी म्हणालो, बरोबर आहे. तिने कपड्यांची दोरीही वेगळी बांधली. रागावण्याइतकी जागाही त्या एका खोलीत नव्हती.

वॉर्ड

वॉर्डात तीन आठवडे काढले. सकाळी सहाला घंटा. मग गोळ्या, नर्ससमोर गिळायच्या, तोंड उघडून दाखवायचं. मग पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसायचं, अर्धा तास. मग तेल. मग उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने वाकडी बोटं सरळ करायची, शंभर वेळा. रात्री हाताला पट्टी बांधून सरळ ठेवायचा. दिवसभर मी एखाद्या हट्टी पोराला शाळेत पोचवावं तसा त्या दोन बोटांच्या मागे असायचो.

एका गोळीने लघवी लाल व्हायची. दुसरीने कातडी काळपट-तांबूस पडायला लागली. ती पहिल्यांदा आरशात दिसली तेव्हा कावीळ सांगितल्याचं आठवून मला हसू आलं. ही कावीळ कुणाच्या बापाला पटणार नव्हती.

भीती दुपारी दोनच्या सुमारास यायची, जेवण झालं, वॉर्ड झोपला की. मी खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवून बघायचो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट ठीक. मग ती जागा मोकळी. निर्मलाने चुलीपुढे ऐकली होती तीच जागा. तिने डॉक्टरच्या आधी माझा आजार ऐकला होता आणि मी तिला गप्प केलं होतं. पुढचा ठोका मारायची मला हिंमत व्हायची नाही.

एक बरी गोष्ट सांगतो. तिथे जालन्याकडच्या कमळामावशी चहा द्यायच्या. बाकीची माणसं कप स्टुलावर ठेवून मागे सरायची. मावशी कप हातात द्यायच्या आणि मी नीट धरलाय का बघेपर्यंत सोडायच्या नाहीत. "सांडलास तर पुन्हा मिळायचा नाही बरं," असं रोज म्हणायच्या. सांडला की पुन्हा द्यायच्या. घर सोडल्यापासून माझ्या हाताला हात लावणारं माणूस म्हणजे डॉक्टर आणि त्या.

पत्र

रंजनबेन दर सोमवारी यायच्या. पहिला प्रश्न तोच, "घरवाळीने क्यारे लावो छो?" बायकोला केव्हा आणता. मी म्हणायचो, माहेरी आहे. तिसऱ्या सोमवारी त्यांनी पिशवीतून अंतर्देशीय पत्र काढून माझ्यापुढे टाकलं. पेनला चिंधी गुंडाळून जाड केलं आणि माझ्या उजव्या हातात अडकवलं. "लखो. नही तो हुं लखीश." मी नाही लिहिलं तर त्या लिहिणार होत्या.

मी चार ओळी लिहिल्या. आजाराचं नाव लिहिलं. तू तपासून घे असं लिहिलं. मी तुझ्याशी खोटं बोललो असं लिहिलं. यायचं की नाही ते तू ठरव, असं शेवटी लिहिलं, आणि ते लिहिताना मनात होतं की तिने येऊ नये असं चुकूनही ठरवू नये.

उत्तर आलं नाही.

मी घरी आलो. शिरेची सूज उतरली होती, बोटांत थोडी जान आली होती, पण करंगळी आणि शेजारचं बोट अर्धं वाकलेलंच राहिलं. मालकाने लूमवर घेतलं नाही, घडी करण्यावर ठेवलं. चहाच्या सुटीत माझ्या बाजूच्या बाकड्यावर जागा रिकामी राहायला लागली. आखाजीला गेलेल्या चाळीतल्या साऱ्या सुना परतल्या. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. टपालवाला आला की वहिनी दाराशी जायची आणि रिकाम्या हाताने परत येताना मला काही न सांगता कामाला लागायची. ढोलकी खिळ्याला टांगलेली होती. तिच्यावर मी धूळ बसू दिली नाही, पण हातही टाकला नाही.

पेटी

श्रावण लागला. आमच्यात श्रावणात कानबाई बसते, आमची खान्देशची देवी, रविवारी. सगळी भावकी एका घरी जमते. आमची कानबाई जवळच बमरोलीला काकांकडे बसायची, वडिलांच्या चुलतभावाकडे, आमच्यात ते सगळ्यांत वडील. त्या आधीच्या शुक्रवारी मी कामावरून आलो तर निर्मला ओट्यावर बसलेली. एकटी. मुराळ्याशिवाय. आमच्याकडची तरणी सून एकटीने भुसावळ-सुरत गाडीत बसून येत नसते.

"कधी आलीस?"

"दुपारी."

"शांताराम?"

"त्याले सांगं नही."

एवढंच. आत जाऊन तिने खाटेखालची तिची पत्र्याची पेटी ओढली. लग्नातली पेटी, तिच्या भांड्यांची, साड्यांची. मी दाराला टेकून उभा राहिलो. झाकण उघडलं, आत काहीतरी शोधलं, बंद केलं. पण पेटी पुन्हा आत ढकलली नाही. खाटेच्या बाहेरच ठेवली.

राहायला आली आहे की पेटी न्यायला, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. वहिनीलाही झालं नाही. निर्मलाने सगळ्यांची भांडी घासली. माझं ताट फळीवरून काढलं, घासलं आणि पुन्हा त्याच वेगळ्या फळीवर ठेवलं. मी ते बघितलं आणि ती पेटी न्यायलाच आली आहे असं समजून चुकलो.

शनिवारी सकाळी बमरोलीला जायला निघालो तेव्हा रस्त्यात ती बोलली. दादा-वहिनी पोरांना घेऊन पुढे होते.

"पत्र शांतारामनी दडाडी ठेयेल व्हतं. पिठाना डबामा. महिनाभर." पत्र आल्यावर महिन्याने तिला ते सापडलं. मग ती आईला खोटं सांगून तालुक्याच्या दवाखान्यात गेली, एकदा नाही, दोनदा. तिला काही नव्हतं.

मी म्हणालो, "बरं झालं."

"काय बरं व्हयनं?" ती थांबली. "रोग मी सोसता. तुम्ही मले मुराळीसंगे लाई दिधं. जाई ये, म्हणनात. मी तीन डाव मांगे दखं."

चुकलं म्हणालो. ती पुन्हा चालायला लागली, काकांच्या दारापर्यंत माझ्या दोन पावलं पुढे.

मूठ

कानबाईचा प्रसाद म्हणजे रोट, गव्हाच्या जाड पोळ्या. ते भावकीबाहेर कुणाला देत नाहीत, तुकडासुद्धा नाही. आणि त्यांचं पीठ असं बाजारातून येत नाही. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या, पोराच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे. ज्याच्या नावाची मूठ पडली तो घरातला. लहानपणी मला वाटायचं, काका चुकून माझं नाव विसरले तर मी कुणाचा? आई हसायची.

परातीपुढे काका बसले होते. बाजूला गव्हाचं पोतं. बायका भिंतीकडे सुपं घेऊन निवडत होत्या, निर्मलाही, डोक्यावर पदर ओढून. काका एकेक नाव घेत होते आणि मूठ टाकत होते. स्वतःचं, त्यांच्या मुलांचं. मग आमचं घर आलं. दादाचं नाव घेतलं, सव्वा मूठ टाकली. त्यानंतर माझं. काकांचा हात पोत्यात गेला आणि तिथेच थांबला.

"मधूनं औंदा ऱ्हाऊ द्या," ते दादाकडे बघत म्हणाले. "औषध सरू द्या, मंग पुढला साली दखू."

ते वाईट माणूस नव्हते. आवाजही मऊ होता. दादाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि खाली पाहिलं. मी पायांकडे बघत होतो. मला वाटलं, उठावं, चपला घालाव्यात. पण उठलो असतो तर निर्मलाच्या डोळ्यांपुढून जावं लागलं असतं.

"समाधान," काकांनी पुढचं नाव घेतलं. दादाचा थोरला.

"थांबा, काका."

चुलतसासऱ्यासमोर सून बोलत नाही. लग्न झाल्यापासून निर्मला काकांशी एक शब्द बोलली नव्हती. ती सूप खाली ठेवून उठली, पदर तसाच ठेवून माझ्यापुढे येऊन बसली आणि माझ्याकडे बोट केलं. "त्या घरमा शेतस ना? मंग त्यासनी मूठ बी पडी."

"पोरी, मी काय म्हणी ऱ्हायनू..."

तिने ऐकलं नाही. माझा उजवा हात धरला आणि पोत्यात घातला. मी मूठ वळायचा प्रयत्न केला. गहू आले, पण दोन बोटं मिटेनात. वर काढताच दाणे करंगळीच्या बाजूने खाली गळायला लागले. सगळं घर बघत होतं. आयुष्यात कधी एवढा उघडा पडलो नव्हतो, त्या पिसाच्या दिवशीही नाही. मी हात सोडवून घ्यायला गेलो.

तिने सोडला नाही. तिने आपला हात माझ्या हाताबाहेरून घातला, माझी दोन्ही वाकडी बोटं आपल्या बोटांत घेतली आणि मिटली. गळती थांबली. एप्रिलपासून डॉक्टर आणि कमळामावशी सोडून कुणी तो हात धरला नव्हता. तिचा तळवा मला अंगठ्याकडे गरम लागत होता, करंगळीकडे काहीच लागत नव्हतं, पण तो तिथेही होता, मी बघत होतो.

"हात काढ, निर्मला," काका म्हणाले.

"काढस. भरू द्या."

आम्ही हात परातीवर नेला. तिने माझी बोटं उघडली आणि गहू पडले. मग तिने स्वतः पोत्यात हात घालून पाव मूठ घेतली, वर टाकली. "सव्वा," ती म्हणाली, आणि जमिनीवर सांडलेले दाणे एकेक करून वेचायला बसली. वहिनी भिंतीकडून उठली आणि तिच्याबरोबर वेचायला लागली.

"पेटी?" मी हळूच विचारलं.

"घर गये म्हणजे आत सरकाडी द्या," ती वर न बघता म्हणाली. "मनी कंबर दुखस."

काकांनी परातीतल्या गव्हावरून एकदा हात फिरवला, आमची मूठ बाकीच्यांत मिसळली आणि समाधानचं नाव घेतलं.